आठव्या महिन्यात एचबी ८.४ : गोळ्या वाढवायच्या की सलाइनमधून लोह घ्यायचं?

केतकी_सां
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी धागा काढतेय. ती बाळंतपणाला माहेरी, सांगलीजवळ आमच्या गावी आलीये. ३१ आठवडे झालेत, वजन ५२ किलो. तिसऱ्या महिन्यात एचबी (हिमोग्लोबिन) १०.६ होतं, परवा केलं तर ८.४. मधल्या काळात लोहाच्या गोळ्या चालू होत्या, म्हणजे डबीत होत्या. मळमळ आणि बद्धकोष्ठतेमुळे बाईसाहेब आठवड्यातून दोन-तीनदाच घ्यायच्या, हे आता कळतंय.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाइनमधून लोह द्यायचं सांगितलंय. घरात दोन तट पडलेत. आमच्या मावशीला पूर्वी कमरेत लोहाची इंजेक्शनं दिली होती, तेव्हा तिला हुडहुडी भरून ताप आला होता आणि काळा डाग कायमचा राहिला. त्यामुळे आई हटून बसलीये : "बीट, डाळिंब, खजूर चालू करू, महिन्याभरात भरून येईल." मेहुणे पुण्याहून रोज एक नवा व्हिडिओ पाठवतात, त्यात कधी बीटच असतं तर कधी गव्हांकुर.

इतक्या उशिरा असं लोह कोणी घेतलंय का? त्रास झाला का? निर्णय तिच्या डॉक्टरांशी बोलूनच घेणार आहोत, पण आईला समजावायला काहीतरी हाताशी हवंय.

निशिगंध
मी घेतलंय, नवव्यात. काहीही झालं नाही. घाबरू नका. सविस्तर रात्री लिहिते, मुलीची शाळेची बस यायचीये.

पाववडा
लाल म्हणून बीटाने रक्त वाढत असतं तर टोमॅटो केचपवर आपण सगळे कधीच पहिलवान झालो असतो.

सुलभा_काकू
पाववडा, थट्टा बाजूला ठेवा. आमच्या वेळी कुठे होतं हे सलाइन? गूळ-शेंगदाणे, अळिवाचे लाडू, लोखंडी कढईतली भाजी, यावर तीन बाळंतपणं झाली माझी. आणि गरोदरपणात रक्त थोडं पातळ होतंच, त्यात एवढं काय. आजकाल आकडा दिसला की घाबरवतात.

डॉ_मेघना
सुलभाकाकू, रक्त पातळ होतं हे अगदी बरोबर. रक्तातला द्रव तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून एचबी थोडं उतरणं नैसर्गिक आहे. ती सूट धरूनच जागतिक आरोग्य संघटनेने शेवटच्या तिमाहीची सीमा ११ ठेवलीये, गरोदर नसलेल्या बाईची १२ असते. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम पंडुरोग (ॲनिमिया). ८.४ ला 'पातळ झालंय' म्हणून सोडता येत नाही.

केतकी, आईंना व्याख्यान देऊ नका, हिशेब मांडून दाखवा. किती लोह कमी आहे ते काढायची एक जुनी रीत आहे : वजन गुणिले हवं असलेलं आणि असलेलं एचबी यातला फरक, गुणिले २.४, आणि अंगातल्या साठ्यासाठी वर ५००. तुमच्या बहिणीचं, ११ वजा ८.४ म्हणजे फरक २.६ धरून, ५२ × २.६ × २.४ म्हणजे साधारण ३२५, अधिक ५००. सव्वाआठशे मिलिग्रॅम.

आता जमेची बाजू. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, पण आतड्यातून रक्तात जातं त्याच्या दहा-वीस टक्के. दिवसाला ६ ते १२ मिलिग्रॅम धरा. शेवटच्या तिमाहीत बाळ, वार आणि आईचं वाढतं रक्त मिळून रोजचा खर्चच ६-७ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे एक गोळी नियमित घेतली तरी बहुतेक रोजचा खर्च भागतो, जुनी थकबाकी तशीच राहते. दोन घेतल्या तर थोडी फिटते, पण पोटात राहिल्या तर. हातात नऊ आठवडे आहेत, आणि बाळ पंचांग बघून येत नाही.

१०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. डाळिंबात त्याहून कमी. आणि वनस्पतींमधलं लोह शोषलं जातं तेही थोडंच. खाऊ द्या ना, चांगलंच आहे. पण ८२५ ची तूट बिटाने कशी भरायची ते मेहुण्यांना विचारा.

हेच पाचव्या महिन्यात विचारलं असतंत तर मी आधी गोळीच बदलून, नीट घ्यायला लावून महिनाभर बघितलं असतं. ३१ आठवड्यांना, गोळी सोसत नसताना, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते योग्यच वाटतं.

केतकी_सां
डॉक्टर, हे वहीत लिहून आईपुढे ठेवते. ती दूध संघाच्या पावत्या तपासते रोज, हिशेब तिला पटतो.

लॅबवाला
थांबा थांबा. एचबी कमी म्हणजे लोहच कमी हे कुणी ठरवलं? रिपोर्टमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) आणि आरबीसी (त्यांची संख्या) किती आहेत ते टाका. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) केलंय का? थॅलेसेमिया मायनर (आईबापांकडून येणारा रक्तातला दोष) असला आणि लोह मुळात पुरेसं असलं तर शिरेतून लोह घालण्यात काही अर्थ नाही. आमच्याकडे सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत बरेच सापडतात, पण मराठी घरांत नसतं असं नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलही बघावं लागतं.

केतकी_सां
@लॅबवाला, एमसीव्ही ६८, आरबीसी ३.९. फेरिटिन ७. तिसऱ्या महिन्यात एचपीएलसी का काय ते झालं होतं, त्यात ए२ म्हणून २.४ आहे, खाली 'नॉर्मल' लिहिलंय.

लॅबवाला
उत्तम डॉक्टर आहेत तुमच्या तालुक्याला, सगळं केलेलं आहे. ६८ भागिले ३.९ म्हणजे १७ च्या वर. १३ च्या खाली आलं असतं तर थॅलेसेमियाचा संशय. मायनरमध्ये पेशी बारीक पण संख्येने भरपूर असतात, इथे बारीकही आहेत आणि कमीही. वर फेरिटिन ७. तिजोरीत खडखडाट आहे, लोहच कमी आहे. (ए२ हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार, मायनरमध्ये तो वाढलेला असतो. लोह फार कमी असलं की तो थोडा खाली दिसू शकतो, पण इथे बाकी सगळं एकाच बाजूला बोट दाखवतंय.)

पाववडा
कुंडली जुळली म्हणा की!

निशिगंध
आले. तर माझं एचबी ८.९ होतं, ३५ वा आठवडा. मला आयर्न सुक्रोज दिलं होतं, एका वेळी २०० मिलिग्रॅम, दिवसाआड. दवाखान्यात दुपारी जायचं, आधी बीपी आणि नाडी बघायच्या, मग १०० मिलीच्या छोट्या सलाइनमध्ये औषध घालायचे. कोऱ्या चहासारखा रंग होतो बाटलीला. पहिल्या वेळी सिस्टरने थेंब अगदी हळू ठेवले आणि पाच-दहा मिनिटं खुर्ची ओढून शेजारीच बसली. "छातीत भरल्यासारखं वाटलं, खाज आली, धाप लागली तर लगेच सांगायचं, लाजायचं नाही," असं दोनदा बजावलं. मला फक्त तोंडाला लोखंडाची चव आली. संपल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे, तेवढ्यात माझी उशी आणि मासिक ठरलेलं.

मात्र एक सांगते, लगेच अंगात जोर येईल असं समजू नका. आठवडाभर तर काहीच वाटलं नाही. मग जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही हे लक्षात आलं. बाळंतपणाला गेले तेव्हा १०.४ होतं.

रानजाई
मी उलट बाजू सांगते, म्हणजे कळून सवरून जाल. मला एका छोट्या नर्सिंग होममध्ये दिलं. सुई शिरेतून थोडी सरकली होती, मी दुखतंय म्हणाले तर "होतं तसं, हात हलवू नका" असं उत्तर. औषध कातडीखाली उतरलं. कोपराच्या खाली तळहाताएवढा तपकिरी डाग आहे, मुलगा आता बालवाडीत जातो तरी गेला नाही. डॉक्टर म्हणतात अपाय काही नाही, दिसायलाच वाईट. पण बाह्यांचे ब्लाउज शिवावे लागतात ना. तेव्हा दुखलं, चुरचुरलं तर ताबडतोब बंद करायला सांगा, ऐकलं नाही तर आवाज चढवा.

डॉ_मेघना
रानजाई, फार महत्त्वाचं लिहिलंत. हे टाळता येतं : चांगली शीर निवडायची, आधी साधं सलाइन सोडून सुई बसलीये ना बघायचं, आणि पेशंट दुखतंय म्हणाली की थांबायचं. त्यात वाद नाही.

केतकीच्या मावशींचा डाग वेगळा. कमरेतली इंजेक्शनं स्नायूत द्यायची असत, ती दुखत आणि कातडी काळी करत. जुन्या काही प्रकारांत ताप, सांधेदुखी आणि क्वचित गंभीर रिॲक्शनही व्हायची. आताची औषधं वेगळी आहेत. गंभीर ॲलर्जी फार विरळ, पण शून्य नाही. म्हणून जिथे ऑक्सिजन, ॲड्रेनलिन आणि ते वापरणारं माणूस हजर आहे तिथेच घ्यायचं. घरी येऊन बाटली लावून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार. कुणाकुणाला सुरुवातीला चेहरा लाल होणं, छाती-पाठ आवळल्यासारखी वाटणं असं होतं, थांबवलं की काही मिनिटांत ओसरतं.

दुसरं औषध फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, बोलीभाषेत एफसीएम. ते एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, पंधरा-वीस मिनिटांत. सुक्रोज आठवड्याला ६०० च्या वर देत नाहीत, म्हणजे चार-पाच खेपा. गावाहून एसटीने येणाऱ्या आठव्या महिन्याच्या बाईला एक खेप आणि पाच खेपा यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एफसीएम महाग, पण सरकारी रुग्णालयात उपलब्ध असेल तर मोफत मिळतं, आधी चौकशी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे विचारता येईल. दोन्ही औषधं पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, पुढे चालतात.

अवलिया९
पण मी वाचलं की गोळी रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतली तर जास्त शोषली जाते. मग डॉक्टर रोज का देतात? कंपन्यांचं कल्याण?

डॉ_मेघना
वाचलंत ते खोटं नाही. झुरिकच्या संशोधकांचा अभ्यास आहे, २०१७ चा. गोळी घेतली की यकृतातून हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढच्या दिवसाच्या लोहाला आतड्यात दार लावतं. पण त्या बायका गरोदर नव्हत्या, आणि त्यांना नऊ आठवड्यांची मुदत नव्हती. टक्केवारी वाढली तरी गोळ्या निम्म्या होतात, हेही बघा. आणि सरकारी गोळी फुकट आहे हो, कंपनीचं कसलं कल्याण!

आशा_तोरणमाळ
मी आशा म्हणून काम करते. तुम्ही सगळे आकड्यांवर बोलता, आमचं काम गोळी पोटात जाते का ते बघण्याचं आहे. अॅनिमिया मुक्त भारत या सरकारी योजनेत गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर परत १८०. वाटप होतं, वहीत नोंद होते. पण मी घरी गेले की पाकीट मागते आणि मागून बघते, गोळ्यांची किती घरं फुटलीत. एका घरी पाकिटं वळचणीला खोचलेली, पावसाने भिजून लाल पाणी भिंतीवर उतरलेलं. सासू म्हणाली या गोळीने बाळ मोठं होतं आणि अडतं. दुसरीकडे म्हणतात बाळ काळं होतं. काळी होते ती शी, बाळ नाही, हे मी रोज कुठेतरी सांगत असते.

मी वाद घालत नाही. सासूलाच कामाला लावते. "आजी, रात्री जेवल्यावर तासाभराने तुमच्या हाताने द्यायची, लिंबू पाण्यासोबत, आणि चहा अजिबात नाही." आजीच्या हातात आलं की गोळी जाते. मळमळणाऱ्या बाईने झोपताना घेतली तर झोपेत निघून जाते मळमळ. आणि कॅल्शियमची गोळी सकाळी, लोहाची रात्री. दोन्ही एकत्र गिळतात बायका, डॉक्टरांनी एकाच पिशवीत दिल्या म्हणून.

सुलभा_काकू
आशाताई, तुमचं पटलं. जेवण झालं की लगेच चहा हा आमच्या घराण्याचा धर्मच आहे.

मिरज_जंक्शन
धाग्याचा विषय मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के पंडुरोगी निघाल्या, देशात ५२.२. जवळजवळ निम्म्या. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या १९७० पासून वाटतोय आपण.

फाटकवाचनालय
अवांतर, पण मुंबईकरांनी अभिमानाने वाचावं असं. त्या लाल गोळीत लोहाबरोबर जे फॉलिक ॲसिड असतं त्याचा माग मुंबईत लागला. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई इथे आल्या, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक वेगळाच पंडुरोग व्हायचा, ज्यात पेशी बारीक न होता मोठ्या होत. बाईंनी या बायकांचा आहार तपासला, मग उंदीर, माकडं यांच्यावर प्रयोग केले. एक आजारी माकड मार्माइट म्हणजे यीस्टचा खारट अर्क दिल्यावर सुधारलं. तोच अर्क मग पेशंटना दिला, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. त्या अर्कात नक्की काय आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. पुढे १९४१ मध्ये तेच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं.

पाववडा
म्हणजे पालक अगदीच टाकाऊ नाही तर! लोहासाठी नाही, फॉलिकसाठी खायचा. सौ. ना सांगतो, पालक पनीरमधलं पनीर तेवढं वाढवा.

रानजाई
गिरणगावातल्या बायकांवर हे झालं हे खरंच माहीत नव्हतं. माझी पणजी गिरणीत साचेखात्यात होती. धन्यवाद.

लीड्सवाली
इकडे इंग्लंडमध्ये सगळ्यांना सरसकट लोह देत नाहीत. पहिल्या भेटीत आणि २८ व्या आठवड्यात रक्त तपासतात, कमी आलं तरच गोळ्या. सीमाही वेगळी, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत १०.५. फक्त इकडे लिटरमागे मोजतात, म्हणून माझा रिपोर्ट ९६ आला, म्हणजे आपल्याकडचं ९.६. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं वा, शंभरपैकी ना?"

सुलभा_काकू
😄 तरी मला एक सांगा, खाण्याने काहीच होत नाही असं का म्हणता? मग आम्ही खायचं काय?

डॉ_मेघना
काकू, खाण्याने तूट लवकर भरत नाही एवढंच म्हणतेय. खायला भरपूर आहे. मटण, सुकट, बोंबील यातलं लोह सगळ्यात छान शोषलं जातं. शाकाहारी असाल तर मोड आलेली मटकी, चवळी, हरभरा, वर लिंबू पिळून. राजगिरा, तीळ. लोखंडी कढई तर वापराच, आमसुलाची आमटी त्यात केली की लोह उतरतं, चव तुमची तुम्ही सांभाळा. कलेजी मात्र गरोदरपणात रोज नको, 'अ' जीवनसत्त्व फार असतं. अळिवाचे लाडू बाळंत झाल्यावर, तेव्हा तुमचंच राज्य.

भूल_देतो
भूलतज्ज्ञ आहे, एका गोष्टीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. साध्या बाळंतपणात पावशेर-अर्धा लिटर रक्त सहज जातं, सिझेरियनमध्ये त्याहून जास्त. ११ वाली बाई ते पचवते. ८ वालीचं त्याच रक्तस्रावात बघता बघता बिघडतं, आणि रात्री दोन वाजता तालुक्याला रक्तपेढी उघडी असली तरी तिच्या गटाची पिशवी असेलच असं नाही. एक पिशवी दिली की एचबी साधारण एकाने वाढतं, आणि प्रत्येक पिशवीची स्वतःची जोखीम असते. ३४ आठवड्यांनंतर एचबी ७ च्या खाली असेल तर रक्त द्यायचाच विचार करावा लागतो. तिथवर जाऊ नये म्हणून आत्ताचं हे लोह. केतकीताई, बाळंतपण कुठे होणार तेही आत्ताच ठरवा. रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी नाव नोंदवा.

अवलिया९
आता मात्र घाबरलो मी. बायकोचा पाचवा आहे. उद्याच गोळ्यांचं पाकीट मागून बघतो, आशाताईंसारखं.

आशा_तोरणमाळ
बघू नका नुसतं. पाण्याचा पेलाही तुम्हीच द्या.

केतकी_सां
मंडळी, अपडेट. वहीतला हिशेब आईने दोनदा तपासला. "ही ५०० वरची कशाला?" एवढंच विचारलं, बाळंतपणातल्या रक्तस्रावाला आणि पुढे अंगावर पाजण्याला शिल्लक लागते म्हटल्यावर गप्प झाली. काल उपजिल्हा रुग्णालयात एफसीएम दिलं. मी सोबत होते. सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी बहिणीला एकदम गरम वाटलं, गाल लाल झाले, सिस्टरने लगेच थांबवलं, डॉक्टर आले, बीपी ठीक होतं. थोड्या वेळाने हळू गतीने परत लावलं ते शेवटपर्यंत नीट गेलं. हे इथे वाचलेलं नसतं तर मी तिला उचलून घरीच आणलं असतं. रात्री थोडं डोकं दुखलं, आज बरी आहे. आईने तरी बीट किसलंच आहे.

आता दोन प्रश्न. गोळ्या लगेच चालू करायच्या का? आणि एचबी परत कधी करायचं?

डॉ_मेघना
लोहाची गोळी आठवडाभर नको, शिरेतून गेलेलं वापरात येऊ दे. मग कधी आणि किती ते तुमचे डॉक्टर सांगतील. फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियम चालू राहू दे. एचबी तीन-चार आठवड्यांनी. फेरिटिन मात्र लगेच करू नका, आत्ता खोटंच भरमसाट दिसेल आणि मेहुणे पेढे वाटतील.

आणखी एक, बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की बाळ रडलं, ठीक असलं तर नाळ एक-दोन मिनिटं थांबून कापाल का. तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाकडे जातं आणि पहिल्या काही महिन्यांचा त्याचा लोहाचा साठा वाढतो.

लॅबवाला
आणि परतची तपासणी त्याच लॅबमध्ये करा. बोटातून थेंब घेऊन यंत्रावर केलेलं एचबी आणि शिरेतून घेतलेलं यात अर्धा-एकचा फरक सहज पडतो, मग उगाच वाढलं की घटलं यावर नवा धागा निघेल.

नवीन_सभासद_रेणू
माझं एचबी ९.१ आहे पण एमसीव्ही १०४ दाखवतंय, शुद्ध शाकाहारी आहे, सातवा महिना. हेच सगळं लागू होतं का?

डॉ_मेघना
नाही. तुमच्या पेशी मोठ्या आहेत, बी१२ किंवा फॉलिक कमी असू शकतं. आधी बी१२ तपासा, नुसत्या लोहाने भागणार नाही. वेगळा धागा काढा, रिपोर्ट पूर्ण टाका.

फाटकवाचनालय
रेणूताई, काढा. लूसीबाईंवर अजून बरंच लिहायचंय, तिकडे लिहितो.